विमा असूनही क्लेम का केला नाही?

गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या कॅरव्हॅनवर, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीवर, गुलमोहराची फांदी कोसळली. गाडी साताऱ्यात, गोडोलीतल्या घरासमोर उभी होती. टपाची फायबर शीट तडकली, हवेसाठीची प्लॅस्टिकची खिडकी फुटली आणि बाजूची कापडी छत्री दांड्यासकट फाटली. तेव्हापासून नातेवाईक असोत की कासच्या रस्त्यावर गाडी बघून थांबणारे लोक, सगळे एकच विचारतात : विमा होता ना, मग क्लेम का नाही केला? तुम्हीही विचारलंत, म्हणून सगळा हिशोबच मांडते.

कंपनीनं पैसे नाकारले असते, असं मुळीच नाही. आमची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारी, नाही, पूर्ण विम्याची आहे आणि तिच्यात वादळ, गारपीट, पूर, वीज, दरड हे सगळं नावानिशी लिहिलेलं आहे. नुसती थर्ड पार्टी असती तर स्वतःच्या गाडीचा एक पैसाही मिळाला नसता आणि प्रश्न तिथेच मिटला असता.

पहिलं काम होतं नुकसान किती झालंय ते कळण्याचं. कॅरव्हॅनचं इथेच साध्या मोटारीपेक्षा वेगळं असतं. टपाला पडलेला तडा बोटभर दिसतो, पण त्यातून गेलेलं पाणी आतल्या प्लायवूडमध्ये मुरतं आणि महिन्याभरानं लाकूड फुगायला लागतं, कुबट वास यायला लागतो. तेव्हा लक्षात आलं तर बिल कुठल्या कुठे जातं. म्हणून एमआयडीसीतल्या बॉडीवाल्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी आतून छताचा प्रत्येक फळा ठोकून पाहिला. आवाज बद्द आला तिथली पट्टी हलकेच उचलून ओल तपासली. सुदैवानं पाणी एकाच कोपऱ्यात उतरलं होतं आणि लाकूड धड होतं. ही तपासणी लगेच उरकावी लागते. क्लेम करायचा असेल तर कंपनीला वेळेत कळवावं लागतं आणि दुरुस्तीला हात लावायच्या आधी नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरनं गाडी पाहावी लागते. फोटो तर आम्ही फांदी उचलायच्या आधीच काढून ठेवले होते.

मिस्त्रींचा अंदाज आला 46,000 रुपये. त्यात 14,000 छत्रीचे. ती नंतर बसवलेली, पॉलिसीत तिची नोंद नव्हती, म्हणजे ते गेले. उरले 32,000. फायबरच्या भागांवर 30 टक्के घसारा, म्हणजे जुनं झाल्यामुळे उतरलेली किंमत, कापतात, प्लॅस्टिक आणि रबरावर 50 टक्के. काचेवर मात्र काही कापत नाहीत. आमच्याकडे झिरो डेप, म्हणजे घसारा कापू न देणारी जादा सोय, नाही. फायबरच्या 15,000चे साडेदहा हजार, खिडकीच्या 6,000चे तीन हजार, मजुरी आणि रंगाच्या 11,000चे दहाएक हजार. त्यातून क्लेममध्ये सक्तीनं आपणच सोसायचे 2,000 वजा. हातात पडले असते साधारण साडेएकवीस हजार.

आता दुसरी बाजू. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत, पहिल्या वर्षानंतर 20 टक्के मिळतो, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो. आम्ही 35वर होतो. क्लेम नाही केला तर पुढे 45 आणि मग दरवर्षी 50. केला तर 0, 20, 25, 35, 45. दोन्ही ओळी कागदावर एकाखाली एक लिहून वजाबाकी केली. पाच वर्षांत मिळून 120 टक्क्यांचा फरक निघाला! बोनस फक्त स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. आमचा स्वतःच्या नुकसानीचा भाग सवलतीआधी 24,000 आहे. म्हणजे साडेएकवीस हजार घेऊन एकोणतीस हजारांच्या आसपास घालवायचे. गाडी जुनी होईल तशी विम्याची रक्कम उतरते, प्रीमियमही थोडा उतरेल, हे धरूनही पारडं फिरत नव्हतं. क्लेम करूनही बोनस शाबूत ठेवणारं ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. पहिल्याच वर्षी, बोनस साठायच्या आधी हे झालं असतं, तरीही वेगळंच.

दीर म्हणाले, “वहिनी, इतकी वर्षं हप्ते भरताय, ते वसूल नको का व्हायला?” त्यांचं म्हणणं मला कळतं. पण मी तो पैसा वसुलीसाठी भरत नाही. 2019च्या महापुरात सांगलीत माझ्या मावसभावाची गाडी बुडाली. पाणी ओसरल्यावर त्यानं किल्लीसुद्धा फिरवली नाही, कारण पाणी शिरलेलं इंजिन सुरू केलं तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. गाडी ओढून नेली आणि थेट क्लेम केला. तिथे बोनसचा विचार करायचं कारणच नव्हतं. एवढा खर्च त्याला खिशातून झेपणारच नव्हता. आमचे 46,000 झेपणारे होते. ओढाताण झाली, दिवाळीतली कोकणाची फेरी रद्द केली, पण झेपले.

एकानं सुचवलं की जुने ओरखडेही याच बिलात घाला, म्हणजे क्लेम परवडेल. ते मी ऐकून घेतलं नाही. झाडानं न केलेलं नुकसान झाडाच्या नावावर लिहिणं ही फसवणूक आहे.

तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. पॉलिसीत ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या नुकसानीचा, प्रीमियम आणि बोनसचा टक्का छापलेला असतो, तो काढा आणि याच दोन ओळी लिहा. आम्ही यंदा नूतनीकरणाला 45 टक्के बोनस घेतला आणि नवी छत्री व टपावरचं सोलर पॅनेल किमतीसह पॉलिसीत चढवून घेतलं. त्याचे वेगळे पैसे लागले, ते भरले.