झाकली मूठ

गेल्या मे महिन्यात भाची आठ दिवस राहायला येणार होती, वय वर्षं सहा, आणि मामा म्हणून आपली काहीतरी वट पाहिजे म्हणून मी ठरवलं की एक जादू शिकून ठेवायची. अगदी साधी, नाणं गायब करायची. यूट्यूबवरचा माणूस चाळीस सेकंदात करून दाखवत होता, म्हटलं दोन दिवसात हात बसेल. दोन आठवडे झाले तरी नाणं आपलं फरशीवर ठण्ण. शेवटी बायको म्हणाली पलंगावर बसून करा काय ते, खालच्या काकू विचारत होत्या तुमच्याकडे रोज रात्री काय चालतं म्हणून.

प्रकार असा असतो. नाणं डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांत कडेने धरायचं, उजवा हात त्याच्यावर आणायचा, बोटं पुढून आणि अंगठा मागून, आणि नाणं उचलल्यासारखं करून मूठ मिटून घेऊन जायचं. खरं तर त्या बोटांच्या आड ते सुटून डाव्याच हातात पडलेलं असतं. याला फ्रेंच ड्रॉप म्हणतात. मग ते तिथे लपवून ठेवायचं म्हणजे पामिंग, मधल्या दोन बोटांच्या मुळाशी, बोटं किंचित वाकवून. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, ते छान बसतं, रुपयाचं नवीन नाणं एवढुसं की निसटतंच. तळव्याच्या मधोमध, अंगठ्याखालच्या गादीने दाबून धरायचा प्रकार वेगळा, तो मला अजून जमलेला नाही, माझा हात तेव्हा खेकड्यासारखा दिसतो.

मला वाटायचं हातचलाखी म्हणजे लपवणाऱ्या हाताची कमाल. पण लपवणं एकवेळ जमलं हो, गाडी अडली ती रिकाम्या मुठीपाशी. आरशात बघितलं तर माझी रिकामी मूठ रिकामीच दिसायची, भांडायला निघाल्यासारखी घट्ट, आणि डोळे मात्र चोरासारखे डाव्या हाताकडे. मग वीस-पंचवीस वेळा खरंखुरं नाणं उचलून बघितलं तेव्हा कळलं की खरं नाणं असलं की मूठ जरा पोकळ राहते, खांदा पण थोडा सोबत जातो, आणि आपण त्या मुठीकडे बघतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते ठीक, पण आधी मालकाला तसं वाटायला लागतं ना.

यावर चक्क संशोधन झालंय. २००६ मध्ये गुस्ताव कून आणि मायकल लँड या दोघांनी एक व्हिडिओ दाखवला, त्यात जादूगार चेंडू दोनदा खरा वर फेकतो, तिसऱ्यांदा नुसता हात हलवतो आणि वर बघतो. जवळपास दोन तृतीयांश लोकांना नसलेला चेंडू वर जाताना दिसला! गंमत म्हणजे त्यांचे डोळे चेंडूच्या जागी गेलेच नव्हते, ते जादूगाराच्या तोंडाकडे बघत होते. म्हणजे आपण त्याच्या नजरेवर भरवसा ठेवून बाकीचं स्वतःच भरून काढतो.

या बाबतीत माझा देव म्हणजे जादूगार कार्डिनी. खरं नाव रिचर्ड पिचफर्ड, वेल्सचा, १८९५ चा जन्म. पहिल्या महायुद्धात खंदकात बसून पत्त्यांचा सराव करायचा, थंडीमुळे हातमोजे घालून, आणि पुढे स्टेजवर पण हातमोजे घालूनच पत्त्यांचे पंखे काढायचा. मला बिनमोज्याचं जमत नाही. पण खरी मजा त्याच्या अभिनयात. सूट, टोपी, एका डोळ्याला चष्म्याची काच, थोडी चढलेली, आणि पत्ते, पेटलेल्या सिगारेटी त्याच्या हातात आपोआप येतायत, तोच वैतागलाय की हे काय चाललंय. टाकून देतो, परत येतात. अक्षर बोलत नाही. जादू त्याने केलीच नाही, त्याच्यावर बेतली, मग हाताकडे संशयाने बघणार कोण?

असो. भाची आली. मी हॉलमध्ये उभा राहून, घसा खाकरून, नाणं उचललं, उजव्या मुठीकडे प्रेमाने बघितलं, फुंकर मारली, मूठ उघडली. रिकामी! भाची खाली सतरंजीवर बसली होती. म्हणाली, "मामा, त्या हातातून नाणं बाहेर आलंय." महिनाभर मी आरशात माझ्या उंचीवरून बघत होतो, आणि हिचे डोळे माझ्या गुडघ्याशी, तिथून सगळं दुकान उघडं.

आठव्या दिवशी ताई आणि भाची निघाल्या. दारात आईचं नेहमीचं सुरू, लाडवाचा डबा पुढे करून, "हा आडवा ठेवू नकोस गं, तुपाचे आहेत, झाकण सैल आहे," आणि ताई, मी, बायको, तिघंही त्या झाकणाकडे बघतोय. तासाभराने ताईचा ट्रेनमधून फोन. "आईला सांग, परत हिच्या फ्रॉकच्या खिशात पाचशे घातलेत. मी नको म्हटलं होतं ना?"

मी आईला विचारलं, कधी घातलेस? मी दोन फुटांवर उभा होतो.

"तू झाकण बघत होतास," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.