पासवर्डाची ओळ खोडली, पण इतिहास राहिला

काही वर्षांपूर्वी मी एका प्रकल्पात डेटाबेसचा पासवर्ड सेटिंगच्या फाइलमध्येच लिहिला आणि ती फाइल बाकीच्या कोडबरोबर गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, कमिट केली (नोंदवली). चूक ध्यानात येताच पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून टाकली आणि मी निश्चिंत झालो. पुढे एका सहकाऱ्याने तोच दुरुस्तीचा कमिट उघडून दाखवला, तेव्हा काढलेली ओळ तिथे लाल रंगात, वजा चिन्हासह, संपूर्ण पासवर्डासकट दिसत होती.

गिट प्रत्येक कमिटमध्ये त्या वेळची फाइलींची स्थिती जपून ठेवते आणि नंतरच्या बदलामुळे आधीचे काहीही पुसले जात नाही. गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, नाव घातले की फाइल बाहेर पडते, हा समजही चुकीचा आहे, कारण ती यादी फक्त गिटने अजून नोंद न घेतलेल्या फाइलींना लागू होते. आधीच नोंदलेली फाइल ‘गिट आरएम’ या आज्ञेला ‘कॅश्ड’ हा पर्याय जोडून वगळावी लागते. ती आपल्या डिस्कवर शाबूत राहते. मात्र इतरांनी तो बदल पुल केला (आपल्याकडे ओढून घेतला) आणि त्यांनी त्या फाइलमध्ये स्वतःचे काही बदललेले नसले, तर त्यांच्याकडची प्रत नाहीशी होते. सर्व्हरवर थेट पुल करून नवी आवृत्ती चढवणाऱ्यांनी हे पाऊल उचलण्याआधी तिथल्या फाइलची प्रत बाजूला काढून ठेवावी, असे मी कळकळीने सांगेन. गिट फिल्टर-रेपो या साधनाने इतिहास नव्याने लिहिता येतो, परंतु इतरांनी आधीच घेतलेल्या क्लोनपर्यंत (इतिहासासह घेतलेल्या प्रतींपर्यंत) तो बदल आपोआप पोहोचत नाही. म्हणून सर्वांत आधी पासवर्डच बदलावा.

कोडपासून वेगळे नेमके काय ठेवायचे, हा खरा विचाराचा भाग आहे. हेरोकू या क्लाउड सेवेच्या अभियंत्यांनी मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ तत्त्वांतील कसोटी मला अजूनही उपयोगी वाटते: एकही गुपित न फुटता सगळा कोड या क्षणी सर्वांसाठी खुला करता येईल का? त्याच तत्त्वांनुसार डेटाबेसचा पत्ता, बाह्य सेवांच्या किल्ल्या यांसारख्या, प्रोग्रॅम जिथे चालतो त्या ठिकाणागणिक बदलणाऱ्या गोष्टी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमला कोडबाहेरून दिल्या जाणाऱ्या मूल्यांमध्ये) जातात, तर कोणता यूआरएल कोणत्या फंक्शनकडे जावा यासारखी सगळीकडे सारखीच असणारी मांडणी कोडमध्येच राहते. सरसकट सगळेच बाहेर काढले, तर कोड वाचून प्रोग्रॅमचे वर्तन समजेनासे होते.

सेटिंगची खरी फाइल बाहेर गेली, तरी तिचा नमुना कोडसोबतच हवा: सगळी नावे लिहिलेली, गुपितांच्या जागा रिकाम्या. नवी सेटिंग आली की नमुन्यातही ती त्याच कमिटमध्ये यायला हवी, यावर मी रिव्ह्यू करताना अडून बसतो. शिवाय प्रोग्रॅमने सुरू होतानाच सर्व सेटिंगा तपासाव्यात आणि एखादी नसेल, तर तिचे नाव स्पष्ट सांगून तिथेच थांबावे.