मोटर १०० किलोवॅटची, घर्षणाला लागतात ३

इलेक्ट्रिक गाड्यांच्या जाहिरातीत मोटर १०० किलोवॅट, १५० किलोवॅट असे आकडे असतात. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना नुसत्या घर्षणासाठी त्यातले किती लागतात ते एकदा कागदावर काढून बघा, उत्तर फारच किरकोळ येतं.

गाडी माणसांसकट १६०० किलो धरू. टायर रस्त्यावर घासतो म्हणून घर्षण असं वाटतं, पण मुख्य भानगड वेगळीच आहे, चाक फिरताना रबर सारखं दबतं आणि फुलतं, आणि दाबायला गेलेली सगळी ऊर्जा काही ते परत देत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. चांगल्या डांबरी रस्त्यावर याचा गुणांक, म्हणजे गाडीच्या वजनाच्या किती पट बल लागतं तो आकडा, साधारण ०.०१. मग १६०० गुणिले ९.८१ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले ०.०१, झाले १५७ न्यूटन. पॉवर म्हणजे बल गुणिले वेग, फक्त वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, ताशी ७२ किमी म्हणजे २०. आले ३१४० वॅट. एका मोठ्या गीझरएवढे!

आता खरी गंमत. वेग दुप्पट केला की ही पॉवरही दुप्पट होते, पण अंतर निम्म्या वेळात संपतं, त्यामुळे दर किलोमीटरला टायर खातात ती ऊर्जा तेवढीच राहते, जवळपास ४४ वॅट-अवर, तुम्ही रमतगमत जा नाहीतर सुसाट.

मग हायवेला रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर, का पडते? हवेमुळे. ड्रॅग गुणांक (गाडीच्या आकाराला हवा किती अडवते तो आकडा) ०.२८ आणि समोरचं क्षेत्रफळ २.३ चौरस मीटर धरलं तर ताशी ७२ ला हवासुद्धा ३.१ किलोवॅटच मागते, म्हणजे टायरशी बरोबरी. पण तिची पॉवर वेगाच्या घनात वाढते. ताशी १०८ ला टायर ४.७ वर असतात आणि हवा १०.४ वर! मोटर आणि गिअरमधली गळती धरून बॅटरीतून १७ च्या आसपास काढावे लागतात, एसी वेगळा.

तरी १०० कुठेच नाही ना? ते लागतात पिकअपला आणि चढाला. नुसता ५ टक्के चढ आला की ७८५ न्यूटन, टायरच्या पाचपट, आणि ताशी ७२ ने चढायचं तर एकट्या चढाचेच १५.७ किलोवॅट. त्यातलं थोडंफार उतारावर रीजेनमधून, म्हणजे मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते त्यातून, परत मिळतं, टायर आणि हवेत गेलेलं मात्र गेलं, म्हणून टायरमध्ये हवा कमी ठेवून फिरू नका, रबर जास्त दबतं आणि तो ०.०१ चा गुणांक वाढतो.