आमची वाटचाल: वाळू चाळणाऱ्या माशांसोबत

सांगलीत आमचं काम काचेच्या टाक्या चिकटवून देण्यापासून सुरू झालं. मॉली, गप्पी, गोल्डफिश यांच्यासाठी टाकी करणं सोपं. जिओफेगस, म्हणजे तोंडात वाळू भरून चाळणारे दक्षिण अमेरिकेतले सिक्लिड मासे, हाताळायला लागलो तेव्हा मात्र टाकीचा विचार तळापासून करावा लागला.

हा मासा दिवसभर वाळूचे घास घेतो, खाण्याजोगं ते ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांच्या फटींतून सोडून देतो. रंगीत खडीत त्याला हे जमत नाही, आणि खडीला धार असली तर तोंड नि कल्ले सोलवटतात. म्हणून पहिला बदल वाळूचा. सिंधुदुर्गातली सिलिका वाळू कोल्हापूरच्या फाउंड्रींना, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांना, साच्यांसाठी जाते. तीच आम्ही कोरी घेतो. साच्यातून निघालेली स्वस्त मिळते, पण तिच्यात बेंटोनाइट (चिकट माती), कोळशाची पूड किंवा रेझिन असतं, ती टाकीत नको. दाणा ०.४ ते ०.८ मिलिमीटर. चार बाय दीड फुटांच्या तळावर ४ सेंटीमीटर थर द्यायला साधारण ३५ किलो वाळू लागते. बादलीत ढवळून वरचं गढूळ पाणी ओतत राहायचं, नितळ येईपर्यंत. थर फार जाड झाला तर तळाशी प्राणवायू पोचत नाही, वाळू काळी पडते आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो.

मासे वाळू उडवतात, ती फिल्टरच्या इंपेलरमध्ये (पाणी फिरवणाऱ्या पंख्यात) शिरून त्याचा दांडा झिजवते. त्यामुळे पाणी ओढणारा पाइप तळापासून १२-१५ सेंटीमीटर वर ठेवून त्याच्या तोंडाला स्पंज बसवतो.

दगडांच्या बाबतीत घरोघरी एक चूक होते. उरलेली शहाबादी किंवा कडाप्पा फरशी टाकीत जाते. दोन्ही चुनखडीचेच दगड, पाण्याचा जडपणा वाढवत राहतात. आपल्याकडचा काळा बेसाल्ट, नदीत घासून गुळगुळीत झालेला, उत्तम. शंका आली तर दगडावर ॲसिडचा थेंब टाकावा. फसफसला तर तो बाजूला.

पाण्यावरूनच आम्ही जात निवडली. ऊसपट्ट्यातल्या बऱ्याच बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं, म्हणून नळाचं वापरतो. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की पाण्यात क्लोरीन वाढतं. १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) क्लोरीन घालवायला १०० लिटरमागे पाऊण ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पुरतं, पण आधी क्लोरीन मोजावं. जिओफेगसांपैकी कोलंबिया-व्हेनेझुएलाकडची जात स्टाइंडाखनेरी. हा मासा थोडं जड पाणीही सोसतो, चार फुटी टाकीत नांदतो, म्हणून नवख्याला आम्ही तोच देतो. बाजारात 'सुरीनामेन्सिस' या जिओफेगसच्या दुसऱ्या जातीच्या नावाने मिळणारे बहुतेक मासे प्रत्यक्षात वेगळ्याच जातींचे असतात. खात्री नसेल तर ते नाव आम्ही लिहीत नाही. 'टपाजोस रेड हेड' या लाल डोक्याच्या जिओफेगसला २०२२ मध्ये जिओफेगस पायरोसेफॅलस हे शास्त्रीय नाव मिळालं.

स्टाइंडाखनेरीचा एक नर आणि तीन-चार माद्या ठेवाव्यात. मोठ्या नराच्या कपाळावर लाल उंचवटा येतो. मादी सपाट दगडावर अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. त्यानंतर नराचं काम संपतं, उलट तो तिला छळतो. तोंड फुगलेली मादी दिसली की रात्री दिवा मालवून तिला अलगद वेगळ्या टाकीत हलवतो. घाबरली तर ती अंडी गिळते, म्हणून जाळी न वापरता पाण्यासकट डब्यात घेतो. दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि धोका वाटला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. रेड हेडची तऱ्हा वेगळी: सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवले की जोडी आपली आपण जमते, अंडी दगडावरच उबतात आणि मग दोघं मिळून पिल्लं तोंडात सांभाळतात. त्यांची जोडी बाहेरून जुळवायला जाऊ नये.

पिल्लांना पहिला घास ताज्या आर्टेमियाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवांच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचा. त्यांची अंडी अशी उबवायची: लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, जोरात हवा, २७ अंश, २४ तास. मोठ्यांच्या टाकीत दर आठवड्याला ४०-५० टक्के पाणी बदलतो. माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट वाढू दिलं की डोक्यावर खड्डे पडतात आणि तो आजार बरा झाला तरी व्रण राहतो.

कृष्णेच्या २०१९ च्या महापुरानंतर वीज जाण्याची तयारी आम्ही प्रत्येक टाकीसोबतच करून देतो: बॅटरीवरचा एअर पंप आणि आधीच मुरलेला, म्हणजे पाणी साफ करणारे जिवाणू रुजलेला, स्पंज फिल्टर. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, काही तास बंद राहिला तर आतले जिवाणू प्राणवायूविना मरतात. वीज आल्यावर तो तसाच सुरू केला तर आतलं नासलेलं पाणी टाकीत येतं आणि मासे तासाभरात दगावू शकतात. आधी ते पाणी बाहेर ओतावं, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळावा, मगच बटण दाबावं.

पिल्लं ५ सेंटीमीटरची झाल्याशिवाय आम्ही विकत नाही. पाठवण्याआधी एक दिवस उपाशी ठेवतो आणि पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू भरतो. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र बाहेरगावी मासा जात नाही.