तुम्ही विचारलंत म्हणून : कवितेची सुरुवात कुठून करू?

मुंबईत कवितेविषयी चार माणसं बोलायला बसली की हा प्रश्न येतोच : ‘लिहायची इच्छा आहे. वृत्तं, अलंकार शाळेत पाठ केले होते, आता एकही धड आठवत नाही. पुन्हा सुरुवात कुठून करू?’

माझं उत्तर ठरलेलं आहे. अभंगापासून करा, मुक्तछंदापासून नको. मुक्तछंदात ओळ कुठे तोडायची हे कान सांगतो, आणि मोजून लिहिल्याशिवाय तो कान तयार होत नाही.

मोठ्या अभंगात चार चरण असतात : ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक जुळतं, चौथा आखूड आणि यमकातून मोकळा. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, फक्त अक्षरं मोजायची. नमुन्यासाठी रचलेलं हे कडवं घ्या :

पहाटेची गाडी । जागा दारापाशी ।
पिशवी उराशी । झोप डोळां ॥

बोटांवर मोजा. पहिली अडचण ‘पिशवी’पाशी येईल. बोलताना आपण ‘पिश्वी’ म्हणतो, म्हणून कानाला दोनच अक्षरं ऐकू येतात. छंदात ती तीन. ‘झोप’ची दोन, कारण गाताना ‘प’ पूर्ण उच्चारला जातो. जोडाक्षर मात्र एकच धरायचं : ‘पुन्हा’ दोन, ‘रस्त्यावर’ चार. नवख्यांच्या बहुतेक चुका इथेच सापडतात. दुसरी चूक चौथ्या चरणात होते. उरलेलं सगळं सांगून टाकायच्या घाईत तिथे सहा-सात अक्षरं कोंबली जातात आणि अभंगाचा थांबा नाहीसा होतो. सांगायचं जास्त असेल तर दुसरं कडवं लिहा.

यमकाबद्दल माझं मत जरा कडक आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे येते-जाते, पाहतो-राहतो अशी यमकं आपोआप मिळतात. फुकट मिळालेल्या यमकाने ओळीला काही लाभत नाही. निदान पहिल्या दहा कडव्यांत तरी क्रियापदाचं यमक टाळा.

अभंग हाताशी आला की लघु-गुरू. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची १ मात्रा. बाकीचे स्वर, अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर गुरू, २ मात्रा. जोडाक्षराच्या आधीचं लघु अक्षर गुरू होतं, हा नियम शाळेत सांगतात. पण मराठीत तो अर्धाच आहे, मागच्या अक्षरावर आघात पडला तरच लागू होतो. भुजंगप्रयात वृत्तात ही ओळ पाहा :

समुद्रा उभा मी तुझ्या या तटाशी

लघु-गुरू-गुरू, हा यगण चार वेळा, एकूण १२ अक्षरं. मनाच्या श्लोकांचं हेच वृत्त, म्हणून चाल तुमच्या कानात आधीच आहे. ‘द्रा’ म्हणताना ‘मु’वर दाब पडतो, म्हणून ‘मु’ गुरू. ‘झ्या’ म्हणताना ‘तु’वर तो पडत नाही, म्हणून ‘तु’ लघुच. मोठ्याने म्हणा, लगेच कळेल. आता ‘समुद्रा उभा मी’च्या जागी ‘समुद्रकिनारी’ घालून बघा. अक्षरं तीच ६, पण तिसरं ‘द्र’ लघु पडतं आणि चाल लंगडते. अक्षरं भरून वृत्त होत नाही ते याच कारणाने. आणि अडलं की ‘रे’, ‘हा’, ‘मग’ घालून भोक बुजवू नका, अख्खा शब्दच बदला.

अलंकारांच्या व्याख्या पाठ करायची गरज नाही. एकच कल्पना घेऊन ती फिरवत राहा. ‘दादरच्या पुलावरची गर्दी पुरासारखी माणूस ओढून नेते’ ही उपमा. गर्दी उपमेय, पूर उपमान, ‘सारखी’ साधर्म्यवाचक शब्द, ओढून नेणं हा साधारण धर्म. ‘पुलावर जणू पूरच लोटला’ म्हटलं की उत्प्रेक्षा. ‘गर्दीचा पूर’ हे रूपक. ‘ही गर्दी नव्हे, पूर आहे’ ही अपन्हुती. ‘पूर ओसरतो, ही गर्दी ओसरत नाही’ हा व्यतिरेक, आणि या पाचांत मला तोच सगळ्यात जिवंत वाटतो, कारण त्यात तुलना पुढे सरकून नवं काही सांगते. उपमा फसते ती बहुधा साधारण धर्म न सापडल्यामुळे. दोन गोष्टी नेमक्या कशात सारख्या आहेत हे एका क्रियापदात सांगता येईना, तर ती ओळ खोडा.

सुनीत, म्हणजे १४ ओळींची कविता, नंतर केव्हाही. गझल मात्र सगळ्यांना लगेच हवी असते, म्हणून थोडं तिच्याबद्दल. दोन ओळींचा शेर, असे किमान पाच, सगळे एकाच वृत्तात. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत आणि पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत शेवटी रदीफ, म्हणजे तोच तो परत येणारा शब्द, त्याच्या आधी काफिया, म्हणजे यमक. ‘पाहिले नाही, राहिले नाही’ यात ‘नाही’ रदीफ, ‘पाहिले-राहिले’ काफिया. नवखे रदीफ सांभाळतात आणि पुढे ‘सांगितले नाही’ लिहून मोकळे होतात. काफिया तिथेच तुटला. मतल्यात ‘पाहिले-राहिले’ बांधलंत की पुढे वाहिले, साहिले असेच शब्द लागणार. ते वहीच्या कडेला आधी उतरवून काढा. पाच-सहा मिळाले नाहीत, तर मतला लिहायच्या आधीच काफिया बदला.