सोळा तास

जानेवारीतली मंगळवारची सकाळ. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या तिकिटांच्या ऑफिसचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात शुक्रवार पेठेतले एक काका पुतण्याला घेऊन आले. पहाटे सहाला त्यांचे थोरले भाऊ गेले. एकुलता मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला. पुतण्याने मोबाईल पुढे धरला. "हितं सोळा तास दाखवतंय. म्हणजे मध्यरात्रीला मुंबईत, सकाळी दारात. पाहुण्यांना तसंच कळवलंय."

बावीस वर्षं तिकिटं काढतोय, पण हा आकडा दिसला की अजून डोकं फिरतं. अंतर साधारण १३,५०० किलोमीटर. ताशी ९०० ने भागलं की पंधरा, वर चढायउतरायचा एक, झाले सोळा. तो नुसता भागाकार आहे. सगळ्यात जवळची रेषा आर्क्टिकवरून, सायबेरियाच्या डोक्यावरून येते, आणि २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकन विमानांना बंद आहे. आमच्या हाताला लागलं ते आखातात बदलायचं तिकीट.

मुलाला फोन लावला. पहिला प्रश्न सांत्वनाचा नव्हता, पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याचा होता. तो संपलेला असला तर माणूस इकडे येतो आणि परत जायला अडकतो. शिक्का चालू होता. "बॅग टाकू नको, पाठीवरची सॅक तेवढी घे," म्हणालो. सामानाच्या पट्ट्यासमोरचा अर्धा-पाऊण तास वाचतो.

मग कागदावर मांडलं. तिकडून सोमवारी रात्री ९, म्हणजे आपले मंगळवारी सकाळचे १०.३०; थंडीत साडेतेरा तासांचा फरक. आखातापर्यंत १६ तास. तिथे थांबा ३. मुंबई ३. इमिग्रेशन १. पुढे पावणेचारशे किलोमीटर, हायवेचं सहापदरीकरण चाललेलं, म्हणून ८. बेरीज ३१. बुधवारी संध्याकाळी साडेपाच.

काकांनी कागद दोनदा वाचला. घरी फोन केला. पलीकडून वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला, "भाऊजी, पोरगं नक्की कवा येतंय?" काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "उद्या संध्याकाळी. त्याच्या आधी नाही."

"मग थांबवत न्हाई," काका म्हणाले. दुपारी पंचगंगेवर चितेच्या शेणी रचल्या गेल्या.

बुधवारी ५.४० ला गाडी शुक्रवार पेठेत शिरली. दहा मिनिटांचा फरक. एरवी या हिशोबाचा मला अभिमान वाटला असता.

शीतपेटी भाड्याने मिळते, एक रात्र सहज निघते, हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. तिकीटवाल्याने त्यात पडू नये असं वाटलं. आणि दुसरंही मनातून जात नाही: पुतण्याच्या सोळा तासांवर ते विसंबले असते तर सकाळपर्यंत थांबले असते. सकाळ टळल्यावर संध्याकाळपर्यंतही थांबले असते. चुकीच्या आकड्याने मुलाला बापाचं तोंड दिसलं असतं.

गुरुवारी रक्षाविसर्जन झालं. शुक्रवारी तो पैसे द्यायला आला, डोकं भादरलेलं. "काकांना वेळ कशी काढून दिलीत?" एवढंच विचारलं. कागद ड्रॉवरमध्ये होता. त्याने बोट ठेवून एकेक ओळ खाली वाचत नेली, बेरजेशी थांबला.

"बरोबर आहे," म्हणाला. मग विचारलं, "हा मी नेऊ?"

मी दिला.