‘मदतीने करते’ म्हणजे नेमके काय?

दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या दुसरीतल्या मुलीचे प्रगतिपुस्तक हाती आले, तेव्हा नेहमीच्या श्रेणींसोबत त्यात यंदा एक जादा पान होते. डावीकडे अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे त्या इयत्तेत मुलांना काय काय यायला हवे याची, यादी आणि प्रत्येकीसमोर तीन रकाने: ‘स्वतंत्रपणे करते’, ‘मदतीने करते’, ‘अजून सराव हवा’. आमच्या अण्णांची उभी हयात सोलापुरातल्या यंत्रमाग कारखान्यांत चादरी तपासण्यात गेली. त्यांनी ते पान उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘‘ते सगळं ठीक आहे रे, पण नंबर कितवा आला?’’

नंबर कुठेच नव्हता. महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिक (शिकता शिकता वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनाला 70 आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाला 30 गुणांचा भार असतो आणि गुणांवरून श्रेणी ठरते. मुलीला गणितात 68 गुण, म्हणजे ब-2 श्रेणी होती. ती वाचून मी थोडा हिरमुसलो, हे कबूल करायला हवे. पण 68 या आकड्यावरून मुलीला काय येते आणि काय येत नाही, यातले काहीच मला कळत नव्हते. ते त्या जादा पानाने सांगितले. संख्यांचे वाचन, लहान-मोठेपणा, बिनहातच्याची बेरीज या ओळींसमोर ‘स्वतंत्रपणे’ आणि हातच्याच्या बेरजेसमोर ‘मदतीने’ अशी खूण होती.

पालकसभेत बाईंनी वही उघडून दाखवली. 27 अधिक 15 याचे उत्तर तिने 312 लिहिले होते. सात नि पाच बारा, दोन नि एक तीन. दोन्ही बेरजा बरोबर, फक्त बारातला दहा दशकाच्या घरात गेलाच नव्हता. हीच मुलगी काड्यांचे गठ्ठे समोर ठेवले की 42 असे उत्तर देते. ‘मदतीने’चा अर्थ एवढाच, की तिला काड्या लागतात.

अण्णांना मी त्यांच्याच भाषेत सांगितले, की चादर तपासताना तुम्ही ती शेजारच्या चादरीशी ताडून पाहत नव्हता, ठरलेल्या लांबी-रुंदीशी आणि विणीशी पाहत होता. त्यावर अण्णा म्हणाले, ‘‘पण चादर परत येत नाही, पोर रोज शाळेत जातं.’’ त्यांचा मुद्दा माझ्यापेक्षा पक्का होता: ही नोंद दिवाळीपूर्वीची आहे, अपेक्षा मात्र वर्षअखेरची. पहिल्या सत्रात ‘मदतीने’ दिसणे हे मागे पडल्याचे लक्षण नव्हे.

माझी चुलतबहीण अमेरिकेत असते. तिथल्या अनेक प्राथमिक शाळांत 1 ते 4 अशा पातळ्या देतात आणि 3 म्हणजे इयत्तेची अपेक्षा पूर्ण झाली. तिने सुरुवातीला चारपैकी तीन म्हणजे 75 टक्के असा हिशेब करून मुलाला रागावून घेतले होते. शिवाय तिथे वर्तन आणि अभ्यासाच्या सवयी बहुधा विषयाच्या पातळीत न मिसळता वेगळ्या नोंदवतात, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. गृहपाठ विसरणाऱ्या मुलाला बेरीज येत नाही, असे थोडेच आहे?

तक्रार एकच आहे. आमच्या पानावरची वर्णनात्मक नोंद होती, ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होते’. शेजारच्या मुलाच्या पानावरही शब्दशः तेच वाक्य होते, फक्त ‘होतो’ असे. त्या मुलाच्या घरी तेलुगू बोलतात. मराठी वाचनात त्याला ‘सराव हवा’ अशी खूण आहे. अडचण अक्षरांची आहे की शब्दांच्या अर्थाची, हे त्या छापील वाक्याऐवजी लिहिले असते, तर त्याच्या आईला घरी काय करायचे ते कळले असते. एका वर्गात इतकी मुले सांभाळणाऱ्या बाईंना दोष देणे जिवावर येते, तरी असे वाक्य लिहिले काय नि न लिहिले काय, सारखेच.

सध्या संध्याकाळी अण्णा शेंगदाण्यांचे दहा-दहाचे ढीग मांडून नातीला बसवतात. सुट्टे दाणे दहा झाले की त्यांचा ढीग करून तो दशकाच्या ताटलीत सरकवायचा, असा नियम आहे, आणि बेरीज चुकली तर दाणे अण्णांच्या तोंडात जातात. नंबर कितवा, हे ते अजूनही विचारतातच.